बदू पैलवानाचे उपास

बदिउर रहमान हे त्याचं पूर्ण नाव फक्त सरकारी शिपायांना ठाऊक होतं. केयाबिल गावात आणि कालापांजी नदीच्या दोन्ही काठांना त्याला बदू बळी म्हणत. त्या मुलखात पैलवानाला बळीच म्हणतात. भात कापून झालं की मोकळ्या शेतात कुस्त्यांचा फड पडायचा, ढोल वाजायचा, बायका केळीच्या आडून बघायच्या, आणि बदू लुंगी कासोट्यासारखी खोचून उतरला की समोरचा गडी आधी त्याच्या मानेकडं बघायचा. मान कसली, ओंडकाच तो. कित्येक वर्षं त्याच्या पाठीला माती लागली नाही असं गाव सांगायचं. खरं म्हणजे दोनदा लागली होती. पण त्या दोन्ही कुस्त्या परगावी झाल्या, म्हणून केयाबिलनं त्या धरल्याच नाहीत.

त्याची आई गुलबहार मोठी तोंडाळ बाई. पानाचा तोबरा भरून ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "हा पोटात होता तेव्हा मला दोन बायकांचा भात लागायचा. दाई म्हणाली, जुळं आहे. निघाला एकटाच, पण जागा दोघांची घेऊन!"

फडात नदीपलीकडच्या गावांतले रखाइन, म्हणजे तिथले बौद्ध, पैलवानही यायचे. सान था औंग नावाचा एक सडसडीत, चिवट गडी होता. एका वर्षी त्याची नि बदूची कुस्ती दुपारभर चालली आणि शेवटी पंचांना भूक लागली म्हणून बरोबरीत सोडवली. मग दोघं बांधावर बसून एकाच डब्यातलं पान खात राहिले. तो बदूच्या खांद्यावर बुक्की मारून म्हणाला, "तुला पाडायचं म्हणजे झाड तोडायचं. पुढल्या साली कुऱ्हाड घेऊन येतो."

पुढल्या साली सितवे शहराकडं रखाइन नि मुसलमानांच्या दंगली पेटल्या. केयाबिलात काही जळलं नाही, पण हुकूम आला की पाचाहून जास्त माणसांनी एका जागी जमायचं नाही. मशिदीला कुलूप लागलं, तिथं कुस्तीच्या फडाला कोण विचारतो? बाजारात एकदा सान था औंग दिसला. बदूनं हात वर केला. त्यानं मासळीवालीकडं तोंड फिरवलं. बदूला राग आला नाही. त्या माणसाच्या मागं त्याच्याच गावचे चौघे उभे होते, ते बदूनंही बघितलं होतं.

त्यानंतर काही वर्षांनी डोंगरापलीकडची मुसलमानांची गावंच्या गावं फौजेनं पेटवली आणि लोक नाफ नदी ओलांडून बांगलादेशात गेले. बदूचा थोरला भाऊ बायकापोरांसकट त्याच लोंढ्यात गेला. जाताना म्हणाला, "चल बदू, इथं काही राहिलं नाही." पण गुलबहार त्याच पावसाळ्यात ओट्यावरून घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. तिला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचा परवाना मिळेपर्यंत हाड जसं जुळायचं तसं वेडंवाकडं जुळून गेलं. ती म्हणाली, "माझ्याजवळ एक घागर पाणी ठेव आणि जा भावाबरोबर."

"घागर कोण भरणार रोज?" बदू म्हणाला, आणि राहिला.

तर असा तो राहिला. बायको सेनुआरा, रोकेया आणि पुढं झालेली मरजान या दोन मुली, आई, दोन बैल आणि भावाचं रिकामं घर. शेजारच्या गावात रात्र काढायची तर कागद, डोंगर ओलांडायचा तर कागद, लग्न करायचं तर कागद. नदी दारातून वाहत होती, पण तिच्यावर होडी घालायची नाही. बदू सकाळी जोर-बैठका काढायचा. कुस्ती नव्हती, तरी काढायचा. सेनुआरा विचारायची, "रोकेयाचे बाबा, हे एवढं अंग कमावून कोणाला दाखवायचंय?"

"बैलांना," तो म्हणायचा. "त्यांना धाक राहतो."

मग ते साल उजाडलं, ज्या साली फौजेला माणसं कमी पडली.

डोंगरातून फौजेविरुद्ध उठलेले रखाइन बागी उतरत होते आणि फौजेच्या चौक्या एकामागून एक पडत होत्या. उरलेली फौज तालुक्याच्या गावात नि आसपास कोंडून बसली होती. केयाबिलच्या शाळेतही तिचा तळ पडला. एके दिवशी नझीर मातबर, म्हणजे गावाचा प्रमुख, टोपी हातात घेऊन बदूच्या दारात आला.

"बदू, बस जरा."

"मातबर, तुम्ही बस म्हणता तेव्हा काहीतरी वाईटच असतं."

"कप्तानाला प्रत्येक पाड्यातून माणसं हवीत. दोन आठवडे बंदूक शिकवणार आणि पुढं धाडणार. घरी तांदळाची गोणी देतो म्हणतो, ओळखपत्र पण देतो म्हणतो."

आतून गुलबहार ओरडली, "इतकी वर्षं सांगत होते, हे लोक इथले नाहीतच. मरायच्या कामाला बरे इथले झालो!"

मातबरानं तिकडं लक्ष दिलं नाही. हळू आवाजात म्हणाला, "तुझं नाव त्याला ठाऊक नाही. पण विचारत होता, तो म्हशीएवढा माणूस कुठं राहतो? मी म्हटलं, आजारी आहे. पण बदू, एकदा सांगितलं. दरवेळी कसं सांगू?"

जायचं तरी कुठं? नदीवर बंदुका. डोंगरात बागी, इकडून जाणारा दांडगा मुसलमान दिसला की ते फौजेचा माणूस समजणार. रानात आपलीच काही पोरं बंदुका घेऊन बसली होती, तीही धडधाकट माणूस गाठून म्हणायची, भाऊ, कौमेसाठी चल. तिन्ही बाजूंना बदूचं अंग हवं होतं. बदू कोणालाच नको होता.

आधी लपून बघितलं. भाताच्या कणगीमागं जागा होती, तिथं रोकेया सहज मावायची. बदू शिरला तो पोटापाशी अडकला, आणि त्याला ओढून काढताना कणगीच कलली. मग गोठ्यात शेणाच्या ढिगाखाली खड्डा खणला. त्यात तो गुडघे हनुवटीला लावून दुपारभर बसला आणि बाहेर आला तेव्हा त्याला उभंच राहता येईना. मुली हसत होत्या. सेनुआरा हसली नाही. ती त्याच्याकडं नुसती बघत उभी राहिली, जसं बाजारात कापड बघतात.

"तुम्ही लपणार नाही," ती म्हणाली. "लपवता येत नाही, तर कमी करू."

"काय कमी करू?"

"तुम्हाला."

रमजान तोंडावर होता, हेच त्यातलं बरं. सगळं गाव उपाशी असताना एक माणूस जास्त उपाशी आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. दिवसाचा रोजा सगळ्यांसारखा. सूर्य बुडाल्यावर बाकीचे मुरमुरे, हरभरे, सुकटीचं कालवण खायचे. बदू पाणी पिऊन मूठभर भात चघळायचा, तोही चिंचेच्या पाण्यात कालवून, म्हणजे पुन्हा मागावासा वाटू नये. पहाटेचं जेवण बंद. बैठका बंद. आधी पोट गेलं. मग मांड्या गेल्या, लुंगीची गाठ रोज आत सरकायला लागली. मान शेवटी गेली. मान जात नव्हती तोवर सेनुआरा रोज सकाळी त्याला उजेडात उभं करून बघायची आणि म्हणायची, "अजून पैलवान दिसता."

भूक माणसाला चिडकं करते. तो मुलींवर खेकसायचा, मग तोंड फिरवून बसायचा. रोकेयानं एकदा पानाखाली सुकटीचा तुकडा लपवून त्याच्यापुढं सरकवला. तो तिनं स्वतःच्या वाटणीतला काढलेला होता. त्यानं तो उचलला, हुंगला आणि धाकट्या मरजानच्या तोंडात कोंबला.

गुलबहारला आधी वाटलं पोराला काही बाधलं. मौलवीचं फुंकलेलं पाणी आणा म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. मग सेनुआरानं तिला खरं सांगितलं, तशी ती भिंतीकडं तोंड करून पडली. दोन दिवसांनी म्हणाली, "मी दूध पाजून रेडा केला होता. तुम्ही त्याचं मांजर करताय."

"मांजर जिवंत राहतं, मा," बदू म्हणाला.

ईदला त्यानं शेवयांचा एक घास घेतला आणि तो परसात जाऊन ओकला. त्याला आता खाताच येत नव्हतं. हे मात्र दोघांनी धरलं नव्हतं.

ईदच्या आठवड्यातच शिपाई आले आणि सगळ्या पुरुषांना शाळेच्या अंगणात उभं केलं. ऊन तापलं होतं. कप्तान खुर्चीवर बसून होता. एक हवालदार रांगेतून चालत दंड चाचपत होता. बदूपाशी येऊन तो थांबला.

"तो म्हशीएवढा कलार कुठाय?" त्यानं मातबराला विचारलं. कलार ही फौजेची मुसलमानांसाठीची शिवी.

"हाच साहेब. छातीचा रोग झालाय."

हवालदार हसला. बदूच्या दंडाची कातडी त्यानं चिमटीत धरून ओढली, ती सैल कापडासारखी आली. मग त्यानं कोपऱ्यातल्या तांदळाच्या गोणीकडं बोट केलं. "उचल."

बदू गोणीपाशी गेला. अशा गोण्या त्यानं दोन-दोन उचलून होडीत टाकल्या होत्या. आता न उचलणं एवढंच काम होतं, आणि त्यासाठीच महिनाभर पोट जाळलं होतं. पण गोणीला हात लागला, आजूबाजूला गाव उभं, सगळे बघतायत, आणि त्याच्या अंगात काहीतरी उसळलं. त्याला ती उचलायची होती. जीव गेला तरी चालेल, पण उचलायची. त्यानं पाय रोवले, दात आवळले, खरोखर जोर लावला. गोणी वीतभर उठली आणि तो तिच्यावरच तोंडघशी पडला.

शिपाई खदाखदा हसले. गावातलं कोणी हसलं नाही. बदूच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते हवालदाराला दुखण्याचं वाटलं. "चल नीघ," म्हणून त्यानं त्याला पायानं बाजूला सारलं.

पण त्या पाड्यातून एक माणूस हवाच होता. हवालदार पुढं गेला आणि त्यानं इलियासच्या खांद्यावर हात ठेवला. इलियास शेजारच्या साबुरा चाचीचा एकुलता एक मुलगा. मागच्या हिवाळ्यात लग्न झालेला, आवाज चांगला म्हणून मशिदीत बांग द्यायचा, तेही मशीद उघडी होती तेव्हा. त्याला ट्रकमध्ये चढवलं. चढताना त्याची चप्पल खाली पडली, ती उचलायला बदू पुढं झाला तर शिपायानं बंदूक आडवी धरली.

साबुरा चाची त्याच संध्याकाळी बदूच्या अंगणात आली. ती रडत नव्हती.

"बदू, तू उपाशी राहिलास ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "शेजारच्या घरात काय शिजतं ते कळतं, तसं काय शिजत नाही तेही कळतं. मी कोणाला बोलले नाही. म्हटलं, वाचतोय तर वाचू दे. मला काय माहीत तू माझ्या पोराच्या जिवावर बारीक होत होतास."

"चाची, मी..."

"नको बोलूस. तू माझ्याशी बोलूच नकोस."

ती गेली. सेनुआरानं त्या रात्री त्याच्यापुढं भरलेलं ताट ठेवलं. ते सकाळी तसंच कोंबड्यांना घातलं.

इलियास एकदा दिसला, भरधाव ट्रकमधून, ढगळ वर्दीत. पुढं तो ज्या चौकीवर होता ती पडली एवढीच बातमी आली. चौकीतल्यांचं काय झालं ते सांगायला कोणी आलं नाही.

पावसाळ्याआधीच्या त्या उकाड्यात तालुक्याचं गाव पडलं. दोन दिवस तोफा वाजत होत्या, मग तिकडून काळा धूर उठला आणि लोकांची रांग केयाबिलकडं यायला लागली. दुसऱ्या दिवशी केयाबिलचाच उत्तरेकडचा पाडा पेटला. कोणी पेटवला? फौज म्हणणार बाग्यांनी, बागी म्हणणार फौजेनं. जळणाऱ्यांना विचारायला कोणी थांबलं नाही. झावळ्यांची छपरं ती, एकावरून दुसऱ्यावर आग उडी मारत येत होती. बंदूकवाले ओरडत होते, निघा, दक्षिणेला निघा.

सेनुआरानं मरजानला कडेवर घेतलं, रोकेयाच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं दिलं. बदूनं आईला पाठीवर घेतलं.

गुलबहार काही जड बाई नव्हती. पूर्वी तो तिला एका हातावर बसवून अंगणात आणायचा आणि ती शिव्या द्यायची. आता तो घरामागचा पहिला बांध चढला, दुसऱ्यावर चढताना त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तो बसला. पुन्हा उठला. चिखलात पाय गेला आणि आईसकट आडवा झाला. मागून लोक येत होते, त्यांना ओलांडून जात होते.

"बदू," चिखलात पडल्या पडल्या गुलबहार म्हणाली, "पाठीला माती लागली बघ. तुझ्या नाही, माझ्या." आणि ती हसायला लागली. मग एकदम हसू थांबवून म्हणाली, "पोरींना घेऊन जा. मी इथंच बरी आहे."

"गप्प बस, मा." त्यानं पुन्हा तिचे हात गळ्यात घेतले. उठता येईना.

तेवढ्यात साबुरा चाची आली. तिच्या एका हातात इलियासच्या बायकोचा हात होता. ती थांबली, बदूकडं तिनं बघितलंही नाही. कुंपणाचा एक लांब बांबू तिनं उपसला, स्वतःच्या अंगावरची जाडी चादर सोडली आणि सेनुआराला म्हणाली, "ह्या टोकाला गाठ मार. घट्ट मार." चादरीची झोळी झाली. म्हातारीला त्यात घातलं. बांबूचं एक टोक साबुरानं खांद्यावर घेतलं, एक सेनुआरानं. इलियासच्या बायकोनं भांडी घेतली. बदूकडं मरजान आली. तीन वर्षांची पोर, आणि तिलाही त्याला दर थोड्या अंतरावर खाली ठेवावं लागत होतं. सबंध वाटेवर तो त्या झोळीच्या मागं चालला. झोळीतून आईचा एक पाय बाहेर लोंबत होता, तो बायकांच्या पावलांबरोबर हलत होता.

तेतुलतला नावाच्या गावात ते थांबले, कारण पुढं जाऊ देत नव्हते. तिथं मदरशाच्या आवारात अंगाला अंग लावून लोक पडले होते. आता मालक बदलले होते. पुलावर बाग्यांची चौकी बसली. बाजाराला जायचं तर चौकीचा कागद, मासे धरायचे तर चौकीला विचारून, आणि दुपार कलली की शिट्टी वाजायची, मग घराबाहेर दिसायचं नाही. पुलावरून केयाबिलच्या पोफळी दिसत होत्या. तिकडं जाऊ देत नव्हते.

झोपडी बांधायला हवी होती. पावसाळा आला होता आणि बांबू तोडायला अंगात बळ हवं. सेनुआरानं मिळेल त्यातला भात त्याच्यापुढं जास्त वाढायला सुरुवात केली. पण तेतुलतल्यातही चौकीवाले येऊन माणसं नेत होते. आठ-आठ दिवस डोंगरात ओझी वाहायला, खंदक खणायला. धट्टाकट्टा दिसेल त्याला.

"आता किती जेवू?" बदूनं एक दिवस विचारलं. थट्टा नव्हती ती.

सेनुआरानं भाताच्या भांड्यात वाकून बघितलं. "घर बांधण्यापुरतं जेवा. ओझं वाहण्यापुरतं नको."

"ते कळणार कसं?"

तिनं अर्धी पळी वाढली. तो थोडा जेवला. थोडी मान भरली. झोपडी उभी राहिली, आणि छप्पर शाकारून झालं त्याच आठवड्यात त्याला नेलं. परत आला तेव्हा पाठ सोलली होती. पुन्हा नेलं. तिसऱ्या खेपेला दारूगोळ्याच्या पेटीसकट तो उतारावरून घसरला आणि उजवा खांदा निखळला. कोणी नीट बसवला नाही. आता तो हात छातीच्या वर जात नाही. त्यानंतर त्याला नेणं बंद झालं. पोट भरून जेवायला मोकळा झाला, पण तोवर मदतीचं रेशन आटलं होतं.

गुलबहार त्या पावसाळ्यातच गेली, ताप येऊन. केयाबिलच्या कबरस्तानात नवऱ्याशेजारी ठेवा म्हणत होती. चौकीवाल्यांनी परवानगी दिली नाही. तेतुलतल्याच्या पाणथळ कडेला तिला ठेवलं. तिला आंघोळ घातली ती साबुरा चाचीनं. बदू बाहेर उभा होता. चाची ओल्या हातांनी त्याच्यासमोरून निघून गेली.

बदू आता सुंभ वळतो. एका हाताचं नि पायाच्या अंगठ्याचं काम आहे ते. बाजाराच्या दिवशी तो पुलाजवळ बसतो आणि वरच्या गावांतून येणाऱ्या माणसांना हटकतो. "भाऊ, इलियास नावाचा पोर पाहिला कुठं? गळ्याचा गोड. डाव्या भुवईवर व्रण." घरी कोणाला हे सांगितलेलं नाही. सेनुआराला ठाऊक आहे, पण ती विचारत नाही.

मागच्या थंडीत एक मीठवाला भेटला. तो म्हणाला, उत्तरेकडं बाग्यांच्या कैद्यांत एक जण बांग द्यायचा, असं त्यानं ऐकलं होतं. बघितलं नव्हतं, ऐकलं होतं. बदू दुपारच्या उन्हात साबुरा चाचीच्या झोपडीपुढं जाऊन उभा राहिला. आत सुपाचा आवाज होत होता.

"चाची, बदू आहे."

सुपाचा आवाज थांबला.

"इलियासबद्दल एक ऐकलंय."

"खरं असेल तर सांग," आतून आवाज आला. "नसेल तर जा."

"खरं आहे की नाही, ते मला ठाऊक नाही, चाची."

मग दाराचा पडदा वीतभर हलला आणि एक पाट बाहेर सरकला.

"बस मग."

तो बसला. मिठाच्या होडीपासून त्यानं सुरुवात केली, तो माणूस कुठला, त्याला कोणी सांगितलं, कधी सांगितलं. पडद्याआड श्वास ऐकू येत होता. बांगेपर्यंत तो आला नव्हता, तोच पुलावर शिट्टी वाजली. गल्लीतली माणसं पटापट घरात शिरायला लागली, पोरांच्या नावानं हाका सुटल्या. दुसरी शिट्टी वाजली की चौकीवाले काठ्या घेऊन फिरतात.

"जा," चाची म्हणाली. "उद्या ये. उरलेलं सांग."

बदूनं डावा हात जमिनीला टेकला आणि तो उठला.